खोळ्यांचे हात

दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हटलं, तेव्हा मी आधी विचारलं, "नावासकट छापणार का?" ते हसले. म्हणाले, "मॅडम, लेख म्हटल्यावर नाव येणारच." मी विचार करायला दोन दिवस मागून घेतले. तुम्हाला गंमत वाटेल, पण मागं एका काळात मी स्वतःच्या नावाला जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात दुसऱ्या कशाला घाबरले नाही. म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकते. मी शाहीन. मी कार्टून काढते. 'नहरीखालचं नगर' या मालिकेतले खोळे मी काढलेले आहेत.

कार्टून काढते म्हटलं की लोकांना वाटतं, बाईची मजा आहे. मजा कसली! पडद्यावरच्या एका सेकंदासाठी आम्ही बारा चित्रं काढतो. पोरगी खाटेवरून उठून खिडकीपर्यंत गेली एवढंच दाखवायचं, तर माझा अख्खा दिवस गेला समजा. आता कॉम्प्युटर आले, पण कॉम्प्युटरला चालायचं कसं ते ठाऊक नसतं, ते आम्हीच शिकवायचं. त्यामुळं या धंद्याचा पहिला नियम म्हणजे जे काढल्यावाचून भागेल ते काढायचंच नाही. बोलणाऱ्या माणसाचे फक्त ओठ हलवायचे. नदीच्या तीन लाटा काढून त्याच फिरवत राहायच्या. गर्दी असेल तर पुढची चार माणसं पूर्ण काढायची आणि मागं नुसती डोकी. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही, आणि लागू न देणं यालाच आमच्यात कसब म्हणतात.

आमचा स्टुडिओ म्हणजे पडेगावला दौलताबाद रोडपासून आत, दिलीप सरांच्या घराचा वरचा मजला. सर पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, मी मेंदीच्या नक्षीची पुस्तकं काढायचे. दोघांनाही वाटायचं की आपल्या गावाची एक गोष्ट पडद्यावर यावी. त्यातून जुई जन्मली. जुई ही गल्लीत टँकरच्या रांगेत उभी राहणारी पोरगी. एक दिवस ती नहरीच्या, म्हणजे शहराखालून पाणी आणणाऱ्या जुन्या कालव्याच्या, उंच खांबाच्या भोकातून आत उतरते आणि खाली पाण्याचं अख्खं नगर सापडतं. माशांच्या पोटात दिवे लागलेले, कासवांच्या पाठीवर बाजार भरलेला. त्या नगराचं पाणी शोषराजाला प्यायचंय आणि जुईला ते वाचवायचंय.

ज्या शहरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, तिथल्या पोरांना ही गोष्ट किती लागली म्हणून सांगू! पोरं अंगणात पालथी पडून जमिनीला कान लावायची. एका मुलीनं जुईसाठी पाण्याची बाटली पाठवली, वर चिठ्ठी : 'उकळलेलं आहे.' कन्नडहून एका आजोबांचा फोन आला. त्यांना नक्की कुठल्या खांबातून उतरायचं ते हवं होतं. मी म्हटलं, आजोबा, खोटं आहे ते सगळं. तर म्हणाले, "ते ठाव हाय वो मला, पर कोनता खांब?" हे सांगताना मला आजही अभिमान वाटतो.

आता खोळ्यांबद्दल.

मला हात काढता येत नाहीत. चेहरे येतात, चाल येते, म्हातारीचं वाकलेलं कंबरडं येतं, हात येत नाहीत. चित्रकलेच्या कॉलेजात आमच्या सरांनी माझा कागद वर्गापुढं धरून विचारलं होतं, "शाहीन, हे हात आहेत का भेंड्या?" सगळा वर्ग हसला. तेव्हापासून मी हात लपवत आले. माझी माणसं खिशात हात घालून उभी राहतात. जुईच्या कमरेला कायम घागर असते, ती कशामुळं हे आज पहिल्यांदा सांगते आहे. अगदीच हात दाखवावा लागला तर तेवढा स्टुडिओतल्या आमच्या रोहिणीकडून काढून घ्यायचा. दिलीप सरांनासुद्धा हे नीट माहीत नव्हतं.

आणि मग शोषराजाची फौज आली. पन्नास शिपाई, म्हणजे शंभर हात. मी सरळ एकेकाला डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कापडात गुंडाळला. सर खूश. "वा, शाहीन मॅडम! हातांचं काम वाचलं."

घरी जाऊन मी लेकीला, सनाला, चित्र दाखवलं. ती औषधाच्या दुकानात कामाला आहे, तिचं डोकं माझ्यापेक्षा चालतं. तिनं एक नजर टाकली आणि म्हणाली, "अम्मी, ये तो बुरखा दिखरा."

शोषराजाची फौज बुरख्यात, आणि काढणारी मी! मोहल्ल्यात काय तोंड दाखवणार? दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी स्टुडिओत गेले आणि चित्र बदललं. लहानपणी पावसाळ्यात आमच्या घरावरून मेंढरं जायची. राखणारे धनगर घोंगडीचं एक टोक दुमडून त्याची टोपी करायचे, तिला खोळ म्हणतात. डोकं, पाठ, सगळं कोरडं राहायचं. मला ते रूप फार आवडायचं. मी शिपायांना तशी टोकदार खोळ दिली, काठाला करडी पट्टी दिली, पुढं एक काठी दिली. काठी हातावाचून आपोआप उभी राहायची, कारण हात काढायचे नव्हते. नाव पडलं खोळे. बघितलं आणि मला हायसं वाटलं. म्हटलं, आता कुणाला काही लागणार नाही. त्या 'कुणाला'त माझ्या डोक्यात फक्त आमची माणसं होती.

खोळ्यांचं मरणसुद्धा सोपं ठेवलं होतं. जुई खडा मारते, खोळ्याला लागला की त्याची धूळ होते आणि रिकामी घोंगडी खाली पडते. पोरांना ते फार आवडलं.

टीका सुरू झाली ती किसन नावाच्या मुलामुळं. मूळचा फुलंब्रीकडचा, इथं कॉलेजात शिकणारा. त्यानं फोनवर एक लहानसा व्हिडिओ केला. एका बाजूला आमचे खोळे आणि दुसऱ्या बाजूला त्याचे दाजी पावसात मेंढरांमागं उभे, तीच खोळ, तीच काठी. ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, "हे आमी हाव का?" व्हिडिओ या फोनवरून त्या फोनवर फिरत गेला.

पहिल्यांदा मला राग आला. आम्ही एवढ्या कष्टानं काढलेल्या मालिकेत याला फक्त कापड दिसलं? स्टुडिओतर्फे उत्तर मीच लिहिलं. गोष्ट काल्पनिक आहे, जमिनीखालची आहे. खोळ्यांना जात नाही, गाव नाही. घोंगडी काम वाचवायला आली, कुणाला हिणवायला नाही. आणि टँकरच्या रांगेतली मुलगी नायिका झालेली याआधी कधी बघितली होती का तुम्ही? असं बरंच. त्यातलं पुष्कळसं मला आजही पटतं. ती मालिका माझी लाडकी आहे, तिच्यासाठी मी अजून भांडेन.

सरांनी उत्तर वाचलं, वाहवा केली आणि खालचं माझं नाव पुसलं. दार लोटून घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. तुमचं नाव दिसलं तर भांडण घोंगडीचं राहणार नाही. लोक त्याला दुसरंच वळण देतील. मला तुमची काळजी वाटते."

मी वाद घातला असं लिहायला मला आवडलं असतं. मी लगेच मान हलवली.

पण नाव एका ठिकाणी राहिलंच होतं. प्रत्येक भागाच्या शेवटी 'पात्ररचना : शाहीन' अशी ओळ वर सरकत जायची. नवीन भागांतून सरांनी ती काढली, पण जुने भाग लोकांच्या फोनात होते. कुणीतरी थांबवून वाचेल. वाचलं की पुढं काय होईल, याचा विचार करत मी भाकरी थापायचे, कपडे वाळत घालायचे. अनोळखी नंबर दिसला की फोन पालथा घालून ठेवायचे. एकदा भरदुपारी स्टुडिओसमोर दोन मोटारसायकली थांबल्या, चार पोरं वर बघत होती. मी टेबलाखाली वाकले, खरंच वाकले. रोहिणी खाली जाऊन विचारून आली, त्यांना पंक्चरचं दुकान हवं होतं. सना म्हणायची, "अम्मी, छोड दो नौकरी." पण नोकरी सोडली तरी खोळे माझेच राहणार होते.

मग एका दुपारी किसनचा फोन आला. सरांनी स्पीकरवर टाकला. व्हिडिओतला त्याचा आवाज आता ओळखू येत नव्हता.

"सर, दाजीला पोरायनी दगडं मारले."

झालं होतं असं. किसनचे दाजी रखमाजी, त्याची बहीण गयाबाई, आणि त्यांची चौथीतली मुलगी दीपाली. पाऊस होता म्हणून रखमाजी रानातून तसेच लेकीला आणायला शाळेवर गेले, डोक्यावर खोळ घेऊन. शाळा सुटली. पोरं ओरडली, "खोळ्या आला!" आणि खडे मारायला लागली. जुई मारते तसेच. पोरं हसत होती, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. माणसाची धूळ होईना म्हणून त्यांनी मोठे दगड घेतले. एक भुवईवर बसला, टाके पडले.

"आन दीपाली?" सरांनी विचारलं. आवाज ऐकून सरही त्याच्यासारखंच बोलायला लागले होते.

"ती फाटकाच्या आत हुबी होती. हा माझा बाप हाय आसं म्हनली नाय. तवापासून शाळेत जायना." मग म्हणाला, "आमी उद्या येतो सर. काढलं कोनी ते बघायचंय."

सर म्हणाले, उद्या तुम्ही सुट्टी घ्या. मी रात्रभर ठरवत होते की घेणार. सकाळी पाय आपोआप रिक्षापर्यंत गेले, कारण घरी बसून वाट बघायची ताकद नव्हती. मी आतल्या खोलीत पडद्यामागं बसले. जीपभर माणसं येतील, खुर्च्या मोडतील, अशी मनाची तयारी केली होती. आली तिघंच. किसन, कपाळाला पट्टी बांधलेले रखमाजी आणि गयाबाई. चपला त्यांनी जिन्याखालीच काढल्या होत्या.

सरांनी चहा दिला, हात जोडले, मनापासून माफी मागितली. मग माझ्याच उत्तरातली वाक्यं बोलायला लागले. काल्पनिक आहे, जमिनीखालचं आहे. माझीच वाक्यं मला पडद्यामागून ऐकवेनात.

गयाबाई म्हणाल्या, "मी तुमचं ते बगितलंच नाय आजून. दावा की."

सरांनी फौजेचा भाग लावला. गयाबाईंनी शेवटपर्यंत बघितला. जुईवर हसल्यासुद्धा. मग विचारलं, "ह्यायला हात कामून नाईत?"

"ताई, त्यानं काम वाचतं."

"कोनाचं?"

सरांनी कॉम्प्युटर बंद केला.

"आमी दिसभर हातानंच जगतो वो," गयाबाई म्हणाल्या. भांडत नव्हत्या, समजावून सांगत होत्या. "मेंढी आडली तर हात घालून कोकरू काढावं लागतं. लोकर कातरतो ते हातानं, सूत काढतो ते हातानं. तुमी खोळ काढली, पट्टी काढली, काठी बी काढली. समदं आमचं घेतलं आन हातच नाय दिले. मंग पोरायला कसं कळावं, हे मानूस हाय म्हनून?"

किसननं विचारलं, "काढलं कोनी सर?"

"टीमनं."

"टीमला नाव आसंल ना?"

मी पडद्याचं टोक धरून उभी होते. माझं नाव उच्चारल्यावर किसनचा चेहरा कसा होईल, तो फोन उघडून काय बोलेल, संध्याकाळपर्यंत आमच्या दारात कोण उभं असेल, हे सगळं मला दिसत होतं. सना दुकानातून एकटी येते, हेही आठवलं. आणि दीपाली दिसत होती, फाटकाच्या आत. ती का बोलली नाही हे मला त्या खोलीतल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. मीही तेच करत होते.

बाहेर आले. म्हटलं, "मी काढलेत. माझं नाव शाहीन."

किसननं आधी माझ्याकडं बघितलं, मग सरांकडं. सरांनी डोळे मिटले. एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. भेंड्यांचं सांगितलं. बुरख्याचंही सांगून टाकलं, ते तर कुणी विचारलंही नव्हतं. सनाचं बोलणं, माझी भीती, मग खोळ, मग काठी.

गयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी तुमच्या मान्सायला लागू नाय म्हनून आमच्यावर टाकलं."

"व्हय," मी म्हटलं. त्यांचाच शब्द माझ्या तोंडातून आला.

"हे खरं बोलल्या." त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि टेबलावर आपला उजवा हात पसरून ठेवला. "काढा आता."

मी पेन्सिल घेतली. त्या हाताचा अंगठा आत वळलेला, बोटांवर दोरीचे जुने वळ, एका नखाखाली लोकरीचं तूस अडकलेलं. मी अर्धा तास काढत होते. कुणी घाई केली नाही. शेवटी रखमाजी उठून माझ्या मागं आले. कागदाकडं बघून म्हणाले, "भेंड्यावानीच दिसायलेत."

आधी किसन हसला, मग आम्ही सगळेच. मी हसता हसता रडायला लागले. गयाबाईंनी मला पाणी दिलं.

पुढचं बरंचसं लोकांनी बघितलंय. आम्ही खड्यांचा प्रसंग काढून टाकला. नव्या भागांत खोळे शोषराजानं बांधलेली माणसं निघतात. खोळ मागं पडते, आधी हात दिसतात, मग चेहरे. ते हात मी काढलेत, रोहिणीनं नाही. त्यासाठी मी सुट्टीच्या दिवशी फुलंब्रीला जायचे, रखमाजींच्या मेंढवाड्यावर बसून लोकरीची कातरणी चाललेली बघायचे. नावाची ओळही सरांनी परत घातली. काही घाण निरोप आले, आले नाहीत असं नाही. ते मी सनाला दाखवले नाहीत. पण दारात कुणी उभं राहिलं नाही. अनोळखी नंबर आला की अजून फोन पालथा घालते, ते काही जात नाही. जुने भागही कुणाकुणाच्या फोनात आहेत, ते माझ्याच्यानं पुसले जात नाहीत. दीपाली शाळेत जायला लागली. पेपरात आमचं कौतुक छापून आलं. मला वाटलं, संपलं.

यंदा श्रावणात मी त्यांच्याकडं गेले होते. पाऊस चांगलाच होता. शाळा सुटायच्या वेळेला रखमाजी निघाले, तशी मीही छत्री घेऊन त्यांच्यासोबत निघाले. त्यांच्या डोक्यावर खोळ होती. शाळेच्या अलीकडं रस्ता वळतो, तिथं ते थांबले. घोंगडी काढली, नीट घडी घातली, काखेत धरली आणि उघड्या डोक्यानं चालायला लागले.

मी म्हटलं, "रखमाजीभाऊ, भिजताय."

"पोरं ल्हान हायेत," ते म्हणाले.

शाळा सुटली. कुणी खडा मारला नाही. दोघी-तिघींनी मला ओळखलं, "जुईच्या मॅडम!" म्हणून गोळा झाल्या, वहीवर जुई काढून द्या म्हणाल्या. दीपाली आली आणि बापाच्या शेजारून चालायला लागली. दोघंही भिजत होती, घोंगडी काखेत कोरडी होती. वळण गेलं. रखमाजींनी थांबून मागं बघितलं. शाळा दिसत नव्हती. मग त्यांनी दोन्ही हातांनी घडी उलगडली, टोक दुमडलं आणि खोळ लेकीच्या डोक्यावर घातली. स्वतः तसेच भिजत पुढं गेले.

मी चार पावलं मागं होते. माझी छत्री चांगली मोठी होती. पुढं होऊन ती त्यांच्यावर धरायची माझी हिंमत झाली नाही.